सहावी खेप

आमच्या शेजारचे मिस्त्री लातुरातल्या डाळमिलांच्या मशिनी दुरुस्त करतात. तूर भरडताना डाळ कमी तुटावी म्हणून त्यांनी स्वतःच एक रोल घडवला होता. बाहेरदेशची स्वस्त डाळ बाजारात आली, की तुटलेल्या डाळीची चुरी किती कमी निघते यावरच इथल्या मिलचा टिकाव अवलंबून असतो. सरकारच्या संशोधन योजनेतून अशा रोलच्या चाचण्यांना मदत मिळणार होती. त्यासाठी अर्जात आकडे हवे होते. मिस्त्रींकडे आकडे नव्हते, तळहातावरचा अंदाज होता. वजनाचं काम मी घेतलं.

रेणापूरच्या एका मिलमध्ये आम्ही नव्या रोलवर तुरीच्या दहा खेपा काढल्या. प्रत्येकीची चुरी मी तोलून लिहिली. नऊ खेपांत ती जुन्या रोलपेक्षा कमी भरली. सहाव्या खेपेची तूर ओलसर होती. तिच्यात उलट वाढली.

"ती खोडा, भाऊ," मिस्त्री म्हणाले.

"का?"

"आडतीवर नमुना दाखवताना कुणी किडका दाणा वर ठेवतं का? हाव, तुम्ही ठेवाल. व्यापारात पडला न्हाईत ते लई बरं झालं."

"नमुना माल विकायला असतो. आपल्याला अजून काही विकायचं नाही," मी म्हणालो, आणि खोडलं नाही.

 तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दहाही खेपांच्या कागदावर सही केली. मदत हुकली असती तर दोष माझा असता.

नांदेडला अर्ज तपासणाऱ्या समितीतल्या एका बाईंनी कागद चाळला आणि नेमकं सहाव्या खेपेवर बोट ठेवलं. मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाण्याचा ग्लास उचलला.

"हे कसं झालं?" बाईंनी विचारलं.

"तूर ओली होती, मॅडम. ओल्या दाण्याची साल सुटत न्हाई, मग रोल डाळच खातो. इलाज शोधून राहिलो. अजून सापडला न्हाई."

पुढचा अर्धा तास त्या तेवढ्यावरच विचारत राहिल्या. बाकीच्या नऊ खेपांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

देशाच्या उत्पन्नातला किती वाटा संशोधनाला द्यावा, यावरचे वाद मी पेपरात वाचतो. तो वाढायलाच हवा. पण जमलं नाही ते उघड सांगणाऱ्या कारागिरापर्यंतही तो पोचू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मंजुरी आली ती एका हंगामाच्या चाचण्यांना, त्याही ओलसर तुरीवर. मिस्त्रींनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"आजवर मिलवाल्यांना वाळलेली तूर मागत आलो. आता ओली कुठं मिळंल, ते बघा भाऊ."

मी नव्या कागदावर ओलाव्याचा रकाना आखायला घेतला.