देवापुढचं कच्चं दूध

यंदा ज्येष्ठात मुळगावच्या आमच्या घरची गाय आठव्या महिन्यात गाभडली. वासरू मेलेलं होतं. थोरल्या भावाने वासरू आणि वार उघड्या हातांनी उचलून माडाखाली पुरली. गायीला पान्हा आला होता. काही दिवसांनी तिचं दूध घरात येऊ लागलं.

श्रावणात भावाला ताप सुरू झाला. सकाळी उतरायचा, संध्याकाळी चढायचा. अंथरूण घामाने भिजायचं, कंबर धरायची. डिचोलीत मलेरियाची तपासणी झाली, टायफॉइडची झाली. काही निघालं नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी घरात गुरं आहेत का ते विचारलं, आणि लगेच पुढचा प्रश्न:

"गाय गाभडली होती?"

रक्त पणजीला गेलं. ब्रुसेलोसिस निघाला. गायीच्या रक्तातही तोच. हे जंतू बाधित जनावराच्या वारेतून आणि कच्च्या दुधातून माणसात येतात, दूध उकळलं की मरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. गरोदर बाईच्या गर्भाला त्यांचा धोका असतो, हेही सांगितलं. वहिनीला पाचवा महिना होता.

आमच्या घरात कच्चं दूध कोणी पीत नाही, असं भावाने त्यांना खात्रीने सांगितलं. आई दूध करपायला येईपर्यंत गॅसवर ठेवते. त्यावरून तो तिला नेहमी चिडवायचा, "आई, तू दूध तापयतंस की गायीचो सूड घेतंस?"

भावाने घरी येऊन हे सगळं सांगितलं, तेव्हा आई देवघराच्या उंबऱ्यावर बसली. दर सोमवारी भटजी येऊन घरच्या शिवलिंगावर अभिषेक करतात.

"देवाक तापयलेला चालत नाय," ती म्हणाली.

पंचामृतातलं दूध कच्चं असायचं, त्याच गायीचं. वहिनीच्या तळहातावर आई दोन पळ्या घालायची, एक तिची, एक बाळाची.

वहिनीच्या पहिल्या तपासणीत काही आढळलं नाही. बाधा उशिराही दिसते, म्हणून डॉक्टरांनी काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. त्या काळात आई येता-जाता तिच्या कपाळाला हात लावायची. मग वहिनी वैतागून खोलीचं दार लावून घ्यायची. पेडण्याहून तिच्या आईचा रोज फोन. लेकीला माहेरी पाठवा, एवढाच विषय. वहिनी गेली नाही. गाय वेगळी बांधली होती. गोळ्यांनी भावाचा ताप उतरला होता; हा ताप उलटू शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाऊ गोठ्याकडे फिरकत नव्हता.

मधल्या सोमवारी अभिषेक नुसत्या पाण्याने झाला. भाद्रपदातल्या एका सोमवारी आईने पिशवीचं दूध आणवलं, उकळलं, गार केलं आणि तांब्यात भरून भटजींपुढे ठेवलं. तापवलेलं आहे, हे तिने त्यांना सांगितलं. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि अभिषेक सुरू केला.

दुसऱ्या दिवशी वहिनीचं रक्त घेतलं. अहवाल शुक्रवारी आला. तिला बाधा नव्हती. त्याच संध्याकाळी भावाला पुन्हा ताप चढला.