तुला हे झेपायचं नाही

वाचनालयाच्या मुलांच्या विभागात नवीन पुस्तकांचं खोकं उघडलं की खडूसबाईंच्या टेबलाभोवती पोरांचा गराडा पडायचा. हे नाव पोरांनीच ठेवलेलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

नव्या पुस्तकाला बाई प्लॅस्टिकचं कव्हर घालत, आत शिक्का मारत आणि ते मांडणीवर न लावता पाठीमागच्या कपाटात ठेवून देत. ज्याला हवं त्यानं मागायचं. मागितलं की बाई त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि म्हणत, “हे? तुला हे झेपायचं नाही.”

“का नाही?”

“यात शेवटी कुत्रा मरतो. तू तर पेन्सिलीचं टोक मोडलं तरी भोकाड पसरतोस.”

“नाही पसरत! द्या ना बाई!”

मिसरूड फुटलेल्यांसाठी फोडणी जरा कडक असे. “हे मोठ्या माणसांसाठी आहे. तुझ्या ओठावर नुसती शाई सांडलीय.” दोस्त खिदळत, तो कानापर्यंत लाल होई आणि पुस्तक काखोटीला मारून चालता होई. पुढच्या आठवड्यात “घ्या, संपवलं!” म्हणून तेच पुस्तक टेबलावर आपटायला हजर. मग बाई त्याहून जाड पुस्तक काढत, त्याला दाखवत आणि परत कपाटात ठेवायला लागत. पोरगं टेबलावरून अर्धं आत येई.

शिफारस करायची ही रीत बाईंना कुणी शिकवली नव्हती. लहानपणी वडील त्यांच्या हातातून पुस्तक ओढून घेत आणि म्हणत, “तुला काय कळतंय त्यातलं?” जे जे ओढून घेतलं ते ते बाईंनी माळ्यावर बसून चोरून वाचून काढलं. पुढे लग्न राहून गेलं, वडील गेले, बाई धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आल्या. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. पुस्तक हातात कोंबलं की पोर पळतं, हातातून ओढलं की मागे लागतं.

भावाला एकच मुलगी. घरात तिला बारकी म्हणत. बारकी जन्मली त्या वर्षापासून बाईंच्या मनात एकच होतं, ही आपल्यासारखी वाचणारी निघावी. वाचनालयातल्या शिपायाला त्या सांगत, “आमची बारकी येऊ दे, मग बघा. कपाट रिकामं करील.”

बारकी शाळेत जायला लागली आणि कळलं की अक्षरं तिच्या हाती लवकर लागत नाहीत. ओळीखाली बोट धरून, जोडाक्षराला अडखळत, गाडी पुन्हा मागे नेत ती वाचायची. वहिनी भाजी चिरता चिरता म्हणत, “वन्सं, साऱ्या गावाच्या पोरांना वाचायला लावता, आणि आपल्या घरात मात्र दिव्याखाली अंधार.”

“एकदा माझ्याकडे आण तिला,” बाई म्हणत. “माझ्या टेबलासमोर उभी राहिली की बघ.”

एका सुट्टीच्या सकाळी वहिनी तिला घेऊन आल्या. नुकतंच खोकं आलं होतं. टेबलाभोवती पोरं होती, शिपाई मुद्दाम काम सोडून दाराशी उभा होता. बारकीनं सगळ्यात जाड पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर समुद्र होता आणि दिवा हातात घेतलेली एक मुलगी. तिनं पहिलं पान उघडलं, बोट टेकवलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. आत्याला ऐकवायचं होतं तिला.

“दी... दीप... दीपस...”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बारकीनं बोट मागे नेलं आणि पुन्हा सुरू केलं. “दी... दीप...” शिपायानं नजर दुसरीकडे वळवली. बाईंना दिसली ती नेमकी ती वळलेली नजर. त्यांच्या कानशिलात रक्त चढलं. त्यांनी हात पुढे केला आणि बारकीच्या बोटाखालून पुस्तक ओढून घेतलं.

“ठेव ते. तुला हे झेपायचं नाही.”

पोरं खूश झाली. हा खेळ त्यांच्या ओळखीचा होता. आता ही ‘द्या ना’ म्हणणार, म्हणून सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले. बाईही बघत होत्या. म्हण, फक्त एकदा म्हण.

बारकीनं आत्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग ती भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसली आणि घरी जायची वेळ होईपर्यंत पाय हलवत राहिली.

“झालं समाधान?” वाटेत वहिनी म्हणाल्या.

चार दिवसांत तिच्या डोक्यातून जाईल, असं बाईंना वाटलं. गेलं नाही. मग त्यांनी उलटा उपाय केला आणि मोठ्या अक्षरांची, पातळ, चित्रांची पुस्तकं आणून तिच्या उशाशी ठेवायला लागल्या. बारकी तोपर्यंत फ्रॉक सोडून कुर्त्यात आली होती. एकदा तिनं त्यातलं एक उचललं, मुखपृष्ठावरचं बदकाचं पिल्लू बघितलं आणि ते आत्याला परत दिलं.

“आत्या, उगाच ओझी वाहू नकोस. पाठ दुखते तुझी.”

बोलली अगदी मायेनं. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. विचारलं तर पित्त झालंय म्हणाल्या.

त्यानंतर बारकी वाचनालयात आली ती एकदाच, दहावीच्या सुट्टीत, मैत्रिणीची सोबत म्हणून. मैत्रिणीला नवीन काहीतरी हवं होतं. बाईंनी कपाटातून एक पुस्तक काढलं. बारकी समोर उभी होती, म्हणून त्यांचा आवाज जरा चढाच लागला.

“हे कालच आलंय. पण तुला झेपायचं नाही.”

मैत्रीण ओशाळली, मागे सरकली. बारकी हसून तिला म्हणाली, “अगं घे, वेडाबाई! आत्या सगळ्यांना असंच म्हणते. म्हणजे पुस्तक चांगलं आहे.”

“मग तू का नाही नेत कधी?”

“मला म्हणाली ना आत्या, तेव्हा ती खरं सांगत होती.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. कुणी बसची वेळ सांगावी तसं तिनं सांगितलं. बाईंनी शिक्का उचलला होता, तो हातातच राहिला. “तसं नव्हतं गं,” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण त्या दिवशीचा आपला आवाज त्यांनाही आठवत होता. त्या खोटं बोलू शकल्या नाहीत.

“बाई, शिक्का मारता ना?” मैत्रीण म्हणाली. बाईंनी मारला. दोघी बोलत बोलत पायऱ्या उतरून गेल्या.

टेबलासमोर आता एक लहानगी उभी होती, दोन वेण्या घातलेली. “खडूसबाई, मला काय आहे नवीन?”

बाईंनी कपाटातून पुस्तक काढलं आणि काही न बोलता तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटंसुलटं केलं, वाट पाहिली.

“झेपेल मला?”

“झेपेल बाळ. ने.”

लहानगीचा चेहरा उतरला. “म्हणजे चांगलं नाहीये,” ती म्हणाली. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ती निघून गेली.