मतमाउलीची कमान

पाटोद्याच्या पुढं, डोंगराच्या कडेला असलेल्या आमच्या गावात कॅथलिक घरं मोजकीच. त्यांतली भिवराबाई चर्च झाडायची, मेणबत्त्या लावायची आणि मतमाउलीला, म्हणजे येशूची आई मरिया हिला, रोज ताजा हार घालायची. कुठला संत कुठल्या कामाला हे तिला तहसीलमधल्या टेबलांसारखं पाठ. हरवलेली शेळी संत अंतोनकडं, अडलेलं काम संत यूदाकडं, आणि कुणीच दाद दिली नाही तर थेट माउलीकडं. गावातल्या हिंदू बायाही तिच्याकडूनच मेणबत्ती लावून घ्यायच्या.

जिल्हा परिषदेची निवडणूक आली तेव्हा गावचे पुढारी बबनराव गाडीतून उतरले. वाटेतली सगळी देवळं उरकून आले होते. कपाळावर जागा शिल्लक नव्हती.

“मावशी, हिला मतमाउली म्हणतात ना?”

“हां.”

“म्हंजी मतं देणारी?”

“मतं न्हाई हो. येशूची आई हाय ती.”

“आई हाय म्हंजी लेकराला न्हाई म्हणती का?” बबनरावांनी हात जोडले आणि माउलीच्या सप्टेंबरमधल्या सणाला रस्त्यावर कमान उभारून देण्याचं कबूल केलं. वर चर्चपाशी नळसुद्धा. फादर तरुण होते, संकोची होते आणि चर्चचं छप्पर गळत होतं. त्यांनी मान डोलावली.

सणाच्या दिवशी माउलीची मूर्ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवली. डोक्यावर नवा मुकुट, पुढं बँड, मागं जपमाळ म्हणणाऱ्या बाया. मिरवणूक कमानीपाशी येऊन थांबली. कमान उंच होती, पण तिच्या मधोमध बबनरावांचा हात जोडलेला भलामोठा फोटो खाली लोंबत होता. माउलीचा मुकुट बरोबर त्यांच्या हनुवटीला लागत होता.

“मुकुट काढा की दोन मिनिटं,” बबनराव म्हणाले.

“फोटो काढा की,” फादर हळूच म्हणाले. ते बँडमुळं कुणाला ऐकू गेलं नाही.

भिवराबाई ट्रॉलीवर चढली आणि मूर्तीला कवटाळून उभी राहिली. “बबनराव, दारात आलेल्या पाव्हण्याला तुमी पटका काढायला लावता का?”

“अवो मावशी, फोटोला पैसे पडलेत.”

“मग ऱ्हाऊ द्या तुमचा फोटो. आमी बाजूनं जातो.”

बाजूचं शेत सुग्रीवचं. सुग्रीव विरोधी गटातला. त्यानं एवढ्या भक्तिभावानं बांध मोकळा करून दिला की उडदाची नासाडी त्याच्या ध्यानातही आली नाही. मिरवणूक शेतातून गेली. बबनराव हार घेऊन कमानीखाली एकटेच उभे राहिले.

तरीही ते निवडून आले. ‘मतमाउलीचा कौल’ असा फलक लागला. भिवराबाई मूर्तीसमोर फणकारली, “का म्हून मत दिलं गं त्याला?”

मागून फादर म्हणाले, “माउलीनं नाही दिलं. गावानं दिलं. तुम्ही कुणाला दिलंत?”

भिवराबाई हार सारखा करत राहिली. मग म्हणाली, “त्यालाच. नळ देतो म्हनला व्हता.”

नळ आला. पाणी कधीमधी येतं. नळाशेजारी बबनरावांच्या नावाची संगमरवरी फरशी मात्र कायम चकचकीत असते, कारण ती भिवराबाईच पुसते.

“माउलीच्या पायापाशी हाय ना,” ती म्हणते, “नाव कुणाचं का असंना.”