बुडवायची होडी

आमचे सासरे सुतार. वर्षभर दारं-खिडक्या करायचे, पण त्यांचा जीव अडकलाय उत्सवाच्या होडीत. आमचा उत्सव म्हणजे जुन्या नावाड्याची कथा. शत्रूचे सरदार होडीत बसले, तेव्हा त्याने भर नदीत स्वतःची होडी बुडवली आणि गाव वाचवलं. गाणारे काठावरून ती कथा गातात आणि शेवटच्या कडव्याला खरीखुरी होडी बुडते. दरवर्षी नवी.

"बुडवायचीच आहे, तर कसल्याही फळ्या चालतील की," असं कोणी म्हणालं, की सासऱ्यांचं डोकं फिरतं. "त्याने फुटकी होडी बुडवली असती, तर त्याचं गाणं कोणी गायलं असतं का?"

मग एका वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले. माझा नवरा खिळा ठोकायला गेला तर बोट ठेचून येतो. होडी करायला घेतली धाकट्या नणंदेने. उत्सवाच्या अध्यक्षांनी नाक मुरडलं. "काही गडबड झाली, तर पुढच्या वर्षीपासून प्लास्टिकची आणू. बुडवून पुन्हा वर काढता येते." सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. लेकीने जोडलेल्या फळ्यांच्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवत "पुन्हा तास" म्हणत राहिले. ती वैतागली, पण तासत राहिली.

उत्सवाच्या दिवशी दगड भरलेली होडी नदीच्या मधोमध गेली. वल्ही नणंदेच्याच हातात. शेवटचं कडवं आलं, तिने तळाचं बूच ओढलं. हलेना! लाकूड पाण्याने फुगून घट्ट बसलं होतं. गाणाऱ्यांनी कडवं पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. लोक हसायला लागले, अध्यक्षांनी कपाळावर हात मारला.

तिने दोर तोडायला ठेवलेली कुऱ्हाड उचलली आणि स्वतःच्याच होडीवर घाव घालत सुटली. फळी कशीबशी फुटली. होडी गेली आणि ती पोहत काठाला आली, रडत. "बाबा, चुकलं माझं."

सासऱ्यांना हसू आवरेना, डोळे मात्र भरलेले. अध्यक्षांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "माझ्या सगळ्या होड्या मुकाट बुडल्या. हिच्या होडीला कुऱ्हाड लागली!"

प्लास्टिकचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. आता गाण्यातला नावाडीही कुऱ्हाडच उचलतो. सासरे पहिल्या रांगेत बसून घाव मोजतात. जितके जास्त लागतील, तितकी त्यांची मान ताठ.