तो नेमकं काय म्हणाला

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही विद्यापीठाच्या फॅमिली हाउसिंगमध्ये राहत होतो. एका ओळीत बैठी घरं आणि मधल्या भिंती पातळ. माझा नवरा मेटलर्जीत पीएच.डी. करत होता आणि सकाळी गेला की अंधार पडल्यावर लॅबमधून यायचा. मी व्हिसामुळे नोकरी करू शकत नव्हते. मुलगी नुकतीच रांगायला लागली होती. एका दुपारी शेजारच्या रिकाम्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मला इतका आनंद झाला, की मुलीला कडेवर घेऊन मी तशीच तिकडे गेले. कुणीतरी आपलं राहायला आलं, एवढंच डोक्यात होतं.

दार उघडलं ते एका गोऱ्या, उंच बाईने. डोक्यावरून ओढणी घेतलेली, हातात झारा. ती अफगाण होती. काबूलहून निघाल्यावर ती आणि तिचा नवरा दोन वर्षं पेशावरला निर्वासित म्हणून राहिले होते आणि तिथे ती उर्दू शिकली होती. मी नागपूरची, त्यामुळे माझं हिंदी बरं होतं. तिचं इंग्रजी मात्र ‘थँक यू’च्या पुढे फारसं जात नव्हतं. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी होती. मी तिला आपा म्हणू लागले.

आपा काबूलमध्ये मुलींना गणित शिकवायची. नवरा तिथल्या विद्यापीठात लेक्चरर होता. त्याच्या दोन सहकाऱ्यांना सरकारच्या माणसांनी घरातून उचलून नेलं आणि ते परत आले नाहीत, तेव्हा हे दोघं डोंगरातून चालत पाकिस्तानात गेले. हे ऐकून माझ्या मनात एक चित्र तयार झालं. रशियन सैन्य आणि त्यांनी बसवलेलं सरकार एका बाजूला, त्यांच्याशी लढणारे मुजाहिदीन दुसऱ्या बाजूला. आपा कुठल्या बाजूची हे उघड होतं.

मग एकदा पालक निवडता निवडता तिने बहिणीचं सांगितलं. थोरली बहीण काबूलच्या दक्षिणेला एका गावात शिक्षिका होती. तिची शाळा जाळली आणि हेडमास्तरांना गोळी घातली. बहीण कशीबशी काबूलला आली आणि आता तिथल्या शाळेत शिकवते.

“रशियनांनी जाळली?” मी विचारलं.

“नहीं,” आपा म्हणाली. “अपनों ने.”

‘आपले’ म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मला वाटलं होतं तेवढं ते सरळ नव्हतं एवढंच कळलं.

माझीही पंचाईत होती. नागपूरला आमच्या घरी रशियाहून येणारी गुळगुळीत कागदाची मासिकं असायची. वाचून झाली की आम्ही त्यांची पानं वह्या-पुस्तकांना कव्हर म्हणून घालायचो. लहानपणी मी वाचलेली सर्वात सुंदर चित्रांची पुस्तकं रशियातून मराठीत येऊन फुटपाथवर स्वस्तात मिळायची. बाबांच्या तोंडी रशिया म्हणजे आपल्याला अडचणीला मदत करणारा देश. आणि इथे माझ्या शेजारणीला रशियाने घर सोडायला लावलं होतं. मी बाबांना पत्रात शेजारी अफगाण कुटुंब आहे एवढंच लिहिलं. पुढे काय लिहायचं ते ठरेना.

त्याच वर्षी हिवाळा संपता संपता गावातल्या एका चर्चच्या बाई आपाकडे आल्या. त्या निवृत्त नर्स होत्या, मऊ बोलणाऱ्या आणि कुणाकडेही रिकाम्या हाताने न जाणाऱ्या. मी मध्ये बसून दोघींचं बोलणं एकमेकींना सांगत होते. जखमी मुजाहिदीनांपैकी काहींना उपचारासाठी अमेरिकेत आणत होते. त्यातल्या एकाची जबाबदारी या चर्चने घेतली होती. सुरुंगावर पाऊल पडून त्याचा पाय गुडघ्याखाली गेला होता. इथे त्याला कृत्रिम पाय बसवायचा होता, पण त्याची भाषा कुणालाच येत नव्हती आणि तो नीट जेवत नव्हता.

आपाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “रविवारी जेवायला आणा त्याला.”

आपाच्या नवऱ्याला हे पसंत नव्हतं. तो शांत, चष्मेवाला, सतत वाचत असलेला माणूस. रविवारी तो लायब्ररीत निघून गेला.

पाहुणा बाविशीच्या आतबाहेरचा असेल. कुबड्या, कुणाचा तरी दिलेला तपकिरी स्वेटर, डोक्यावर लोकरीची गोल टोपी. तो आमच्याकडे बघत नव्हता. आपाशी फारसीत बोलताना खिडकीकडे बघायचा आणि मी जणू तिथे नव्हतेच. आपाने मी हिंदुस्तानची आहे असं सांगितलं, तेव्हा तो काहीतरी तुटक बोलला.

“काय म्हणाला?”

“म्हणतो, तुमचं सरकार रशियाचं दोस्त आहे.”

मी ओशाळून हसले. मी दिल्लीत बसून कुठे काही ठरवलं होतं? पण मला रागही आला नाही. बाबा हेच अभिमानाने म्हणायचे.

तेवढ्यात माझी मुलगी रांगत त्याच्या कुबडीशी गेली आणि ती धरून उभी राहायला लागली. मी उठेपर्यंत त्याने तिला उचललं होतं. धड असलेल्या पायाच्या मांडीवर बसवलं आणि अगदी हळू आवाजात काहीतरी गुणगुणला. मग तिच्या कपाळावर फुंकर घातली.

“दुआ पढ़ी,” आपा म्हणाली. “त्याची धाकटी बहीण आहे एवढी.”

त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. मुलीसाठी खिशात बदाम असायचे. ती इतकी लहान होती की ते मलाच कुटून दुधात घालावे लागायचे. माझ्याशी तो अजूनही बोलत नव्हता, पण मी दारात दिसले की नजर खाली करून छातीवर हात ठेवायचा.

चर्चने त्याच्यासाठी एक कार्यक्रम ठेवला. प्रार्थनेनंतर तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी, कुकीज आणि घडीच्या खुर्च्या. त्याने बोलायचं, आपाने ते मला उर्दूत सांगायचं आणि मी लोकांना इंग्रजीत. आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याने समजावलं होतं, “अगं, तू फक्त इंटरप्रीट कर. ओपिनियन देऊ नकोस. आपण इथे व्हिसावर आहोत.”

“मला ओपिनियन आहे कुठे?” मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

सुरुवातीला सगळं सोपं गेलं. त्याने गावाबद्दल सांगितलं, हेलिकॉप्टरं आली ते सांगितलं, वडील कसे गेले ते सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या.  मग मागच्या रांगेतले एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ उभे राहिले. ते व्हिएतनामच्या युद्धात जाऊन आले होते, असं चर्चच्या बाईंनी मला नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं, “रशियन एक दिवस जातील. मग तुम्हाला कसा देश हवा आहे?”

मी प्रश्न आपाला सांगितला, आपाने त्याला. तो बराच वेळ बोलला. आवाज चढवला नाही, पण बोलताना एक बोट कुबडीवर आपटत होता. आपा मान खाली घालून ऐकत होती. तो थांबला, तरी ती लगेच बोलली नाही.

“आपा?”

“कहता है, घर जाऊँगा,” ती म्हणाली. “बाप की ज़मीन है. अंगूर लगाऊँगा.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. घरी जाईन, वडिलांच्या जमिनीत द्राक्षं लावीन. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. तो गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागला. मग त्यानेही छातीवर हात ठेवला.

कॉफी घेताना ते उंच गृहस्थ माझ्यापाशी आले. “द्राक्षांच्या मानाने उत्तर बरंच लांबलं,” ते म्हणाले. चेष्टा नव्हती त्यात. उत्तराची वाट न बघता त्यांनी कप ठेवला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आपाकडे गेले. ती लीक नावाच्या कांद्यासारख्या भाजीची पात चिरत होती, पराठ्यात भरण्यासाठी.

“काल तो काय म्हणाला?”

तिने सुरी थांबवली नाही. “म्हणाला, ज्यांनी रशियनांचं मीठ खाल्लं, त्यांचा निकाल आधी लावू. अफसर, पार्टीवाले, त्यांच्या शाळांतले मास्तर. मग अल्लाहचा कायदा येईल, मग कसा देश हवा असं कुणाला विचारावं लागणार नाही.”

“आणि द्राक्षं?”

“अंगूर मेरे बाप के थे.”

मी खुर्चीवर बसले. तिची बहीण त्याच शाळांपैकी एकीत शिकवत होती. आणि ही त्याला दर रविवारी भात वाढत होती.

“तुम्ही का बदललं?”

“त्याचा पाय बसायचाय अजून,” ती म्हणाली. “त्या बायका घाबरल्या असत्या, तर तो एका पायावर परत गेला असता. मग त्याचा राग कमी झाला असता का?”

“पण पाय बसल्यावर तो परत लढायला जाईल.”

“हो.”

“मग?”

आपाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती चिडली आहे, पण ती फक्त थकलेली दिसली. “मला काय माहीत? त्याने तुझ्या मुलीवर दुआ पढली ना? तेही खोटं नव्हतं.”

त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तुला जे सांगितलं ते तू सांगितलंस. तुझी काय चूक?”

“चूक नाही हो. पण खरं काय ते आता मला माहीत आहे.”

“माहीत आहे असं तुला वाटतंय,” तो म्हणाला. “हेही तिनेच सांगितलं ना? तुला कुठे फारसी येते?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपा पहिल्यांदा खरं बोलली असेल आणि नंतर खोटं, असंही होऊ शकत होतं. मला तसं वाटत नव्हतं, पण वाटण्यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हतं.

पाय बसला. तो इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये कुबड्यांशिवाय चालला, तेव्हा आम्ही दोघी तिथे होतो. चर्चच्या बाई रडल्या. तो हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. निरोपाच्या दिवशी बाईंनी त्याला एक खोकं दिलं. आत वेली छाटायची चांगली मजबूत कात्री होती, द्राक्षांसाठी. त्याने ती उघडमीट करून पाहिली आणि आपाला काहीतरी विचारलं. आपाने चेहऱ्यावर काही न दाखवता उत्तर दिलं. त्याने बाईंना मान लववून ती पिशवीत ठेवली.

“काय विचारलं त्याने?” मी बाहेर आल्यावर म्हटलं.

“हे कशासाठी, म्हणून. मी सांगितलं, इथे पाहुण्याला हेच देतात.”

आम्ही दोघी हसलो. 

त्याला न्यायला गाडी आली, तेव्हा आपाने त्याला दारात थांबवलं. दोघांचं बोलणं दोन-चार वाक्यांचंच झालं. त्याने माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाय किंचित ओढत गाडीत जाऊन बसला. गाडी वळल्यावर आपाने आपण होऊन सांगितलं, “मी बहिणीचं नाव सांगितलं. म्हटलं, काबूलमध्ये शिकवते, तिला सांभाळ. तो म्हणाला, तुमची बहीण ती माझी बहीण. तिला सांगा, शाळा सोडून दे.”

“म्हणजे हे वचन होतं की धमकी?”

“मीही तोच विचार करतेय,” आपा म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली.

पुढे आम्ही शिकागोला आलो. नवऱ्याला नोकरी लागली, मुलगी शाळेत जाऊ लागली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा एके दिवशी टीव्हीवर रशियन रणगाडे पूल ओलांडून परत जाताना दाखवले. ऑफिसातले अमेरिकन लोक आम्ही जिंकलो असं म्हणत होते, असं नवऱ्याने येऊन सांगितलं. बाबांचं पत्र आलं, त्यात त्यांनी आता तिथे काय होणार याची काळजी लिहिली होती. मी आपाला फोन केला. तिने सांगितलं, चर्चमध्ये आभाराची प्रार्थना होती, तिथे ती जाऊन आली. बाईंनी तिला मिठी मारली आणि आता तुम्ही घरी जाऊ शकता असं म्हणाल्या. तिने थँक यू म्हटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी तिचाच फोन आला. बहिणीच्या गल्लीत रॉकेट पडलं होतं. बहीण जिवंत होती, शाळा बंद झाली होती.

“रॉकेट कुणाचं?” मी विचारलं. रशियन तर गेले होते.

“डोंगरातून आलं म्हणतात. एक शेजारी म्हणतो या गटाचं, दुसरा म्हणतो त्या गटाचं. तिसरा म्हणतो सरकारनेच टाकलं.”

मला तो बदामवाला आठवला. तो त्या डोंगरात होता का, जिवंत तरी होता का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं. पण आपाला ते कुठून कळणार? आणि तो तिथे असावा की नसावा, यातलं मला काय हवं होतं तेही मला सांगता आलं नसतं. फोनवर नुसती खरखर ऐकू येत होती आणि काहीतरी बोलायला हवं होतं.

“जेवलात का?” मी विचारलं.

“आत्ताच भात लावलाय,” आपा म्हणाली.