चार फुलदाण्या

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात युनियनचं काम करायचे. घरात उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवायची. पान उलटलं की मालकाच्या गाडीचा उल्लेख हमखास असायचा. ती कुणाच्या घामावर चालते, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. म्हणून मामाने तसलीच गाडी घरी आणली, तेव्हा मी त्याच्याशी कडाकडा भांडले.

मामा कोपरीत राहतो. आजोबा मिठागरात राबले, पुढे त्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि घरामागची पत्र्याची शेड तेवढी उरली. घोडबंदर रोडवर एका गिरणीमालकाचा बंगला पाडत होते. तिथे आंब्याखाली ही सडत पडली होती. इटलीची, साठच्या दशकातली, दोन दरवाजांची, लांबलचक नाकाची. मामाने ती भंगारात उचलली आणि वर्षानुवर्षं सुटे भाग जमवत तिच्याशी झुंजत राहिला.

"कामगार पायी घरी गेले आणि ही सावलीत उभी होती," मी म्हणाले.

"मग गिरणी काय हिनं बंद केली? ये बाय, इकडं हात घाल."

दरवाजाचं अस्तर काढलेलं होतं. मामाने माझा हात पत्र्याच्या आतल्या बाजूवर ठेवला. बाहेरून पाण्यासारखा गुळगुळीत पत्रा आतून खडबडीत होता. हातोडीचे ठोके, एकाशेजारी एक, बोटांना मोजता न येणारे. मग त्याने दुसरा दरवाजा दाखवला. तिथले ठोके वेगळे होते आणि वळणही किंचित वेगळं. दोन्ही बाजू सारख्या नव्हत्याच. कुणीतरी उभं राहून, डोळ्यांनी अंदाज घेत, सपाट पत्र्यातून ते वळण बाहेर काढलं होतं. आराखडा काढणाऱ्याच्या नावाची छोटी पट्टी बाजूला चमकत होती. ठोकणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. पण त्याचा हात माझ्या हाताखाली होता. सगळ्या पत्रकांमध्ये 'श्रम' हा शब्द मी वाचला होता. तो असा हाताला कधी लागला नव्हता.

पुढच्या रविवारी मी आपणहून कोपरीला गेले, पॉलिश पेपर घासायला.

गेल्या वर्षी मात्र मामीचा धीर सुटला. तिला शेडमध्ये मसाल्याची चक्की टाकायची होती, कधीपासून.

"गाडी दसऱ्याला सुरू झाली तर राहू दे," ती म्हणाली. "नाय तर शेड रिकामी करायची. परत मुदत मागायची नाय."

मामा "बरं" म्हणाला. तो शब्दाचा पक्का आहे, म्हणूनच मला धसका बसला.

दसऱ्याच्या सकाळी मी पोहोचले तेव्हा मामीने पूजा मांडली होती. चक्कीसाठी भांडत असली, तरी दारातलं वाहन ती बिनपूजेचं ठेवणारी नव्हे. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नाकावर झेंडूचा हार. ती उजव्या चाकाखाली लिंबू ठेवायला वाकली.

"तिथं नको," मामा म्हणाला. "हिचा ड्रायव्हर डावीकडं बसतो."

"लिंबू गाडीला असतं का ड्रायव्हरला?"

शेवटी दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं.

नारळ फुटला. मामा आत बसला, त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा खोकला, पुन्हा शांतता. बॉनेट उघडून त्याने सगळं तपासलं, काही सापडेना. तिसऱ्या वेळेला बॅटरीचाच आवाज खाली आला. मामाने हात पुसले.

"चक्की कधी आणायची?" त्याने हळूच विचारलं.

मला त्याच्याकडे बघवेना म्हणून मी गाडीच्या मागे गेले. मागच्या चारही चकचकीत नळ्यांमध्ये झेंडू आणि आपट्याची पानं गच्च कोंबलेली होती.

"मामी, हे काय?"

"चार फुलदाण्या दिल्यात ना मागं. सणाला रिकाम्या कशा ठेवू?"

मामा धावत आला. "अगं, सायलेन्सरची तोंडं आहेत ती. श्वास कोंडलास तिचा. चक्कीसाठी मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम करायचं तर झेंडू कशाला घालू? माती नसती भरली?"

आम्ही बोटांनी फुलं उपसली. एका नळीतला गुच्छ फार आत गेला होता, तो निघेना. मामा म्हणाला, "राहू दे," आणि पुन्हा आत बसला.

आधी तो गुच्छ उडून भिंतीवर आपटला. मग जो आवाज आला, तो मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. खालून घरघर उठली, वर चढत गेली आणि वर जाऊन गाऊ लागली. शेडचे पत्रे थरथरले. पायांतून तो आवाज माझ्या छातीत आला. मामीने कान झाकले होते. मग तिने हात खाली घेतले.

"चला, राऊंड मारू," मामा उतरून म्हणाला. मामी नेहमीसारखी डावीकडे जाऊन बसली आणि समोर स्टिअरिंग बघून थांबली.

"अगं, तिकडं बस. ही माझी जागा."

"लग्न झाल्यापासून मी डावीकडंच बसते," ती हलली नाही. "चक्की घरापुढच्या ओट्यावर बसेल का ते आधी सांगा."

"बसेल."

"वर पत्रा घालून द्याल?"

"देतो बाई. सरक आता."

ती निवांत सरकली. गाडी पुढे झाली, दोन्ही लिंबं एकदम चिरडली, आणि ती दारातून बाहेर पडली. मी नळीतून काढलेली फुलं ओंजळीत धरून शेडमध्येच उभी होते. कोपरीच्या गल्लीतून तो आवाज लांब जाईपर्यंत मला ती टाकता आली नाहीत.