चौथं टेबल

आखाताकाठच्या त्या बंदरात कुणाचं माणूस बेपत्ता झालं की लोक म्हणायचे, "ओब्दुलियाला गाठा." शोध-कचेरीतल्या संगणकाला नेमकं कसं विचारायचं ते तिलाच जमे. आत नोंदींची चार टेबलं, म्हणजे तक्ते: इस्पितळं, तुरुंग, निवारे आणि चौथं ओळख न पटलेल्या प्रेतांचं. लोकांसाठी ती चारही बघायची. आया गयावया करत, "ते शेवटचं नको गं पोरी!" पण ही कसली ऐकते!

"संगणक सांगू तिथंच बघतो, मावशी. न सांगितलेल्या टेबलात डोकावतसुद्धा नाही तो."

आणि हीच बया सहा वर्षं स्वतःच्या भावासाठी, नासारियोसाठी, तीनच टेबलं बघत होती. दर सोमवारी. घरी आई विचारायची, "काय गं?"

"नाही सापडला."

"बरं झालं," म्हणत आई तव्यावरची मक्याची तोर्तिया उलटायची. सापडला नाही म्हणजे जिवंत आहे, एवढंच दोघींनी घट्ट धरून ठेवलं होतं. मृतांच्या सणाला गेलेली माणसं घरी जेवायला येतात, म्हणून घरोघरी झेंडूत त्यांचे फोटो मांडत. यांच्याकडे फक्त बापाचा असे, नासारियोचा कपाटात.

यंदा आईला धाप लागू लागली. झेंडू निवडता निवडता ती म्हणाली, "खरं सांग, शोधतेस तरी कुठं त्याला?"

"इस्पितळं, तुरुंग, निवारे."

"आणि लोकांना ओरडून सांगतेस ते चौथं?"

ओब्दुलिया खाली मान घालून झेंडू निवडू लागली.

"भित्री कुठली! मीही भित्रीच म्हणा," आईनं शालीनं डोळे पुसले. "पण गेला असेल तर सहा वर्षं उपाशी हिंडतोय गं तो. सणाला आपण त्याला घरी बोलावलंच नाही. बघ उद्या."

दुसऱ्या दिवशी तिनं नासारियोच्या नेहमीच्याच खुणांपुढं चौथ्या टेबलाचं नाव घातलं. एकच ओळ आली. खांद्यावर होडी गोंदलेली, पुढचा दात सोन्याचा. बेपत्ता झाल्याच्या आठवड्यातच सापडलेला. अकरा महिने शवागारात. विचारायला कुणी आलं नाही, म्हणून सामायिक खड्ड्यात पुरला.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. आईनं कपाटातला फोटो काढून बापाशेजारी मांडला, पुढं मोलेचा रस्सा ठेवला. मग विचारलं, "ते शवागार कुठंय गं?"

"कचेरीच्या खालीच. तळमजल्यावर."

"म्हणजे तू वर डबा खायला बसायचीस तेव्हा..."

"हो, आई."

मग ओब्दुलियानं नासारियोच्या ताटात आणखी एक तोर्तिया वाढली.